नाकाने वाचलेला दस्तऐवज

इ.स. १९०७. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी अर्नेस्ट शॅकलटनने जी सामग्री मागवली, तिच्या यादीत एक नोंद आहे : मॅकिन्ले कंपनीच्या ‘रेअर ओल्ड हायलँड माल्ट व्हिस्की’ची २५ खोकी. जोडीला ब्रँडीची १२ आणि पोर्ट मद्याची ६. बर्फावर राहणार होती अवघी पंधरा माणसे. हिशेब ज्याचा त्याने करावा.

त्या पंचविसांपैकी तीन खोकी शंभर वर्षांनंतर सापडली. त्यांतील मद्य हुंगले गेले, चाखले गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये गाळल्या जाणाऱ्या व्हिस्कीविषयीची एक रूढ समजूत त्यामुळे डळमळली. कागदावर कोठेही न उरलेली माहिती एका पेल्यात उरली होती. तिची ही हकीकत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

मोहिमेची बाह्य रूपरेषा अनेकांना ठाऊक असेल. ‘निमरॉड’ नावाचे जुने, सीलच्या शिकारीसाठी बांधलेले जहाज. रॉस बेटावरील केप रॉइड्स येथे उभारलेली लाकडी झोपडी. १९०८च्या हिवाळ्यातील महिनोन्‌महिने न उगवणारा सूर्य. २९ ऑक्टोबर १९०८ रोजी शॅकलटन, फ्रँक वाइल्ड, एरिक मार्शल आणि जेम्सन अ‍ॅडम्स हे चौघे चार तट्टांसह दक्षिणेकडे निघाले आणि ९ जानेवारी १९०९ रोजी ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशावरून परत फिरले. ध्रुव तेथून केवळ ९७ सागरी मैलांवर होता. पुढे गेले असते तर ध्रुव गाठला असता, परत मात्र कोणी आले नसते. मागे फिरण्याचा हा निर्णय शॅकलटनच्या चरित्रातील सर्वांत मोठा निर्णय मानला जातो, आणि तो मान योग्यच आहे.

त्या वाटचालीत मद्य किती होते? नाताळच्या दिवशी पठारावर या चौघांनी जी मेजवानी केली तिच्यात छोट्या पुडिंगवर औषधी ब्रँडीचे काही थेंब आणि शेवटी चमचाभर पुदिन्याचे गोड मद्य, एवढाच थाट होता. खोक्यांचा साठा तळावर राहिला. फेब्रुवारीच्या अखेरीस अर्धमेल्या अवस्थेत ते किनाऱ्याला लागले तेव्हा जहाज निघण्याच्या बेतात होते. ४ मार्च १९०९ रोजी ‘निमरॉड’ने उत्तरेची वाट धरली. केप रॉइड्सच्या झोपडीत आणि तिच्या आसपास पुष्कळ सामान तसेच राहून गेले.

येथे एक लहानसे विषयांतर क्षम्य ठरावे. त्याच झोपडीत, त्याच हिवाळ्यात, या मंडळींनी ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’ नावाचे पुस्तक छापून काढले. अंटार्क्टिकावर लिहिलेले, चित्रे काढलेले, छापलेले आणि बांधलेले हे पहिले पुस्तक. त्याच्या बांधणीला पुठ्ठे म्हणून सामानाच्या खोक्यांच्या फळ्या वापरल्या. काही प्रतींच्या आतल्या बाजूस मूळ खोक्यावरील मालाचे नाव आजही वाचता येते. जुन्या पुस्तकांच्या लिलावात या प्रती आज फार मोठ्या किमतीला जातात. खोक्याचे पुस्तक होऊ शकते, हे त्या पंधरा जणांना आधीच कळले होते. खोक्यातील बाटलीचेही होऊ शकते, हे कळायला एक शतक जावे लागले.

२००६ साली न्यूझीलंडच्या ‘अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्ट’चे लोक या झोपडीच्या जतनाचे काम करीत असताना फरशीच्या फळ्यांखाली बर्फात रुतलेली खोकी दिसली. ती लगेच काढता आली नाहीत. बर्फ फोडताना खोकी फुटली असती. २०१०च्या आरंभी खास हत्यारे नेऊन ती सोडवली, तेव्हा पाच निघाली : तीन व्हिस्कीची, दोन ब्रँडीची. आत काही शिल्लक आहे याचा पहिला पुरावा डोळ्यांना मिळाला नाही. खोकी हलवताना आत द्रव हेलकावल्याचा आवाज आला आणि सभोवतालच्या बर्फाला व्हिस्कीचा वास येत होता. एखादी बाटली फुटली होती, पण बाकीच्या शाबूत असाव्यात, हे उत्खनन करणाऱ्यांना नाकाने सांगितले.

द्रव शतकभर द्रवच का राहिला, हा साधा रसायनाचा प्रश्न आहे. मद्यार्काचे प्रमाण जितके जास्त, तितका गोठणबिंदू खाली. त्या झोपडीखाली पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास उतरत असे. या व्हिस्कीत मद्यार्क ४७.३ टक्के निघाला. आज दुकानात सर्रास मिळणारी ४० टक्क्यांची व्हिस्की त्या थंडीत बहुधा गोठली असती आणि बाटल्या तडकल्या असत्या. सात टक्क्यांच्या फरकाने एक ऐतिहासिक साधन वाचले.

खोक्यांपैकी एक क्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयात नेण्यात आले. तेथे थंड कक्षात त्याचे तापमान दिवसेंदिवस हळूहळू वाढवून बर्फ वितळवला गेला. आत गवताच्या आणि कागदाच्या वेष्टनांत अकरा बाटल्या होत्या, बहुतेक भरलेल्या. खोक्यावर छापलेल्या मजकुरात मोहिमेच्या जहाजाचे नाव होते ‘एन्ड्युरन्स’. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. १९०७ची मोहीम ‘निमरॉड’वरून गेली, ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज १९१४च्या पुढच्या मोहिमेचे, जे वेडेल समुद्रातील बर्फात चिरडले गेले. मग शिक्का खोटा? खोटा नाही. ‘निमरॉड’चे नाव बदलून आपल्या घराण्याच्या ब्रीदावरून ‘एन्ड्युरन्स’ ठेवण्याचा शॅकलटनचा विचार होता, आणि मद्यविक्रेत्याने तो ऐकून खोकी छापून टाकली. पुढे नाव बदललेच नाही. लेखी पुरावा समकालीन असूनही वस्तुस्थितीशी जुळत नाही, याचे इतके सुबक उदाहरण वर्गात शिकवायला शोधून सापडणार नाही.

आता वयाचा प्रश्न. वृत्तपत्रांनी हिला ‘शंभर वर्षे जुनी व्हिस्की’ म्हटले, ते अर्धेच खरे आहे. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. ओकच्या लाकडातून तिला रंग, गोडवा, तुरटपणा मिळतो. लाकडाच्या रंध्रांतून हवा आत-बाहेर होते. आणि दरवर्षी थोडे मद्य उडून जाते, ज्याला स्कॉटलंडमध्ये ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. काचेच्या बाटलीत बूच बसले की हे सारे थांबते. ही व्हिस्की १८९६-९७च्या सुमारास गाळलेली आणि १९०७ साली बाटलीत भरलेली. म्हणजे तिचे वय दहा वर्षांच्या आसपास. पुढची शंभर वर्षे तिचे वय वाढले नाही. तिच्याभोवतीच्या जगाचे वाढले.

दहा वर्षे हाही आकडा त्या काळाच्या चौकटीत पाहिला पाहिजे. आज स्कॉच म्हणवून घ्यायला किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात काढावी लागतात. १९०७ साली असा कोणताही नियम नव्हता. किंबहुना ‘व्हिस्की म्हणजे काय’ हेच ठरलेले नव्हते. लंडनच्या इझ्लिंग्टन भागातील विक्रेत्यांवर १९०५ साली खटले झाले, कारण ते जे ‘व्हिस्की’ म्हणून विकत होते त्यात मोड आणलेल्या सातूऐवजी इतर धान्यांचे यंत्रावर गाळलेले स्वस्त मद्यच अधिक होते. वाद इतका चिघळला की १९०८ साली शाही आयोग नेमावा लागला. शॅकलटनची माणसे बर्फावर असताना लंडनमध्ये हा आयोग साक्षी नोंदवत होता. १९०९ साली त्याने निकाल दिला : दोन्ही व्हिस्कीच, आणि मुरवण्याची सक्ती नको.

मग सक्ती आली कोठून? महायुद्धातून. १९१५ साली दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या मद्यपानाने हैराण झालेल्या लॉइड जॉर्जच्या पुढाकाराने अपक्व मद्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. आरंभी दोन वर्षे आणि लगेच तीन. ताजे, उग्र, स्वस्त मद्य बाजारातून हटवावे हा हेतू. आज जाणकार ज्या परिपक्वतेचे गोडवे गातात, तिची कायदेशीर अट रसिकतेतून जन्मलेली नाही. ती तोफगोळ्यांच्या उत्पादनातून जन्मली. या पार्श्वभूमीवर, कोणी सांगितले नसताना दहा वर्षे पिंपात ठेवलेली व्हिस्की म्हणजे कंपनीने स्वतःच्या नावासाठी घेतलेली तोशीस होती.

‘सिंगल माल्ट’ हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून, घटांत गाळलेली, अशी त्याची आजची व्याख्या २००९च्या नियमावलीत आहे. मॅकिन्लेच्या लेबलावर नुसते ‘माल्ट’ होते. कंपनीचा या काळातील संबंध इन्व्हर्नेस येथील ‘ग्लेन मोर’ या भट्टीशी होता. १८९०च्या दशकाच्या पूर्वार्धात जॉन बर्नी याच्या भागीदारीत मॅकिन्ले घराण्याने ती उभारली होती, आणि बर्फाखालची व्हिस्की तेथलीच मानली जाते. आजच्या शब्दाने कालच्या वस्तूला नाव देताना एवढी पायरी सांभाळली की पुरे.

आणि वयाचा आकडा हवामानावर किती अवलंबून असतो, हे पाहायला फार लांब जायला नको. स्कॉटलंडमध्ये देवदूतांचा वाटा वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असतो. बंगळूरला ‘अमृत’ किंवा गोव्यात कुंकळ्ळीला ‘पॉल जॉन’ यांच्या गोदामांत तो त्याच्या कितीतरी पट. उष्णतेत लाकूड आणि मद्य यांची देवघेव झपाट्याने होते, म्हणून येथील पाच-सहा वर्षांचे माल्ट तेथील दुप्पट वयाच्या मालाशी पंगतीला बसते. (आपल्याकडे ‘व्हिस्की’ या नावाने जे खपते त्यातील बरेचसे साखर कारखान्यांच्या मळीपासून बनते आणि युरोपात त्याला त्या नावाने विकता येत नाही, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. १९०९चा आयोग पुन्हा नेमावा लागेल.)

गोष्टीकडे परतू. बाटल्या सापडल्या, पण मॅकिन्लेचे नाव तोवर ज्या कंपनीकडे आले होते ती ग्लासगोची ‘व्हाइट अँड मॅके’. आणि ती २००७ साली ५९.५ कोटी पौंडांना विकत घेतली होती विजय मल्ल्या यांच्या उद्योगसमूहाने. त्यामुळे जानेवारी २०११ मध्ये शॅकलटनच्या तीन बाटल्या क्राइस्टचर्चहून स्कॉटलंडला गेल्या त्या एका भारतीय उद्योगपतीच्या खासगी विमानातून. ज्या साम्राज्याच्या नावे ही मोहीम निघाली, त्या साम्राज्याच्या एका जुन्या वसाहतीतील मालक आपली वस्तू परत नेत होता, असे म्हणायचा मोह होतो. तो आवरावा, कारण बाटल्यांची मालकी कंपनीची नव्हतीच. अंटार्क्टिकातील वारसा-वस्तू केवळ जतनासाठी आणि परवान्याने हलवता येतात व परत न्याव्या लागतात. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, कंपनीच फिलिपिन्सच्या उद्योगसमूहाला विकली गेली. मल्ल्यांचे नाव पुढे भारतीय वृत्तपत्रांत वेगळ्याच कारणांनी गाजत राहिले. बाटल्या उडून गेल्यावर लवकरच, २२ फेब्रुवारी २०११ रोजी, क्राइस्टचर्च भूकंपाने उद्ध्वस्त झाले, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

स्कॉटलंडमध्ये या बाटल्यांसमोर बसले ते रिचर्ड पॅटरसन. ग्लासगोच्या मद्यव्यवसायातील तिसरी पिढी. १९७० साली व्हाइट अँड मॅकेत आलेले. तेव्हा तेथे मिश्रण सिद्ध करणारे प्रमुख. व्यवसायात त्यांना ‘द नोज’, म्हणजे सरळ ‘नाक’च, म्हणतात, आणि त्या नाकाचा लाखो डॉलरचा विमा उतरवलेला असल्याच्या बातम्या अनेकदा छापून आल्या आहेत. आठ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना गोदामात नेऊन पेला हुंगायला दिला आणि हा वास कसा वाटतो, आजोबांसारखा भारदस्त की आणखी कसा, अशी विचारणा केली, ही आठवण ते स्वतः सांगतात. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण प्रशिक्षण म्हणून ती उत्तम आहे. वासाला स्वतःचे शब्द नसतात. तो नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी नावाने ओळखला जातो. आपल्याकडे ‘धुरकट’, ‘खमंग’, ‘करपट’, ‘कुबट’, ‘खरपूस’ असा चांगला शब्दसाठा आहे आणि त्यातील बहुतेक शब्द स्वयंपाकघरातून आले आहेत. पीटच्या धुरावर वाळवलेल्या सातूच्या व्हिस्कीला जो वास येतो, त्याला निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार दिलेल्या पदार्थाच्या जवळचे नाव मराठीत आधीच तयार आहे.

बाटलीचे बूच काढायचे नाही, असे ठरले. वैद्यकातल्यासारखी बारीक, लांब सुई बुचातून आत घालून नमुना शोषून घेतला गेला. इन्व्हरगॉर्डन येथील प्रयोगशाळेत कंपनीचे प्रमुख रसायनतज्ज्ञ जेम्स प्राइड यांनी त्याचे पृथक्करण केले आणि स्कॉच व्हिस्की संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनीही त्यात भाग घेतला. निष्कर्ष २०११ मध्येच शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले. पुराभिलेखागारात एखादे जीर्ण पत्र हाताळताना जी सावधगिरी बाळगतात, तीच येथे होती. फरक एकच, आणि तो मोठा आहे. पत्र वाचल्याने संपत नाही. हा दस्तऐवज वाचला की तेवढा नाहीसा होतो. प्रत्येक थेंब एकदाच साक्ष देणार.

म्हणून येथे तज्ज्ञ हुंगतात जास्त, पितात कमी. अशा परीक्षणाची रीत साधी पण काटेकोर असते. खाली फुगीर, वर निमुळता पेला. त्यावर काचेचे झाकण, म्हणजे वास आत साठतो. रंग पाहून मत बनू नये म्हणून कित्येकदा पेल्याची काचच गडद असते. आणि मद्यात पाणी घालून त्याची तीव्रता पुष्कळ खाली आणतात. शौकिनांच्या बैठकीत ‘पाणी घालणे म्हणजे पाप’ असे ठासून सांगणारा एखादा असतोच. व्यवसायातली माणसे मात्र मुकाट पाणी घालतात. कारण तीव्र मद्यार्क नाक बधिर करतो. शिवाय २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातील दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपाने दाखवले की धुरकट वास देणारे ग्वायाकॉलसारखे रेणू तीव्र मद्यात मद्यार्काच्या रेणूंनी वेढलेले, आत दडलेले राहतात. पाण्याने तीव्रता उतरली की ते पृष्ठभागाकडे सरकतात. म्हणजे पाण्याचे चार थेंब वास पातळ करत नाहीत, तो दाराशी आणून उभा करतात.

नाकाला जोडीदार म्हणून यंत्र होते. वायू-क्रोमॅटोग्राफी या पद्धतीत मद्यातील शेकडो घटक एकेक करून सुटे होतात. व्हॅनिलिन सापडले तर ते ओकच्या लाकडातून आलेले. व्हॅनिलाच्या शेंगेत असते तेच संयुग. लवंगेत असते ते युजेनॉलही ओकमध्ये असते. धुराचे फिनॉल कोणत्या प्रमाणात आहेत यावरून पीट कोठले असावे याचा माग लागतो, कारण पीट म्हणजे हजारो वर्षे कुजत, दबत गेलेल्या वनस्पती, आणि प्रत्येक प्रदेशाच्या वनस्पती वेगळ्या. यंत्र प्रमाण सांगते. ते प्रमाण मिळून माणसाला काय वाटते, हे सांगायला माणूसच लागतो.

आणि मग पेल्यातून एक नकाशा बाहेर आला. सातू वाळवायला वापरलेले पीट ऑर्कने बेटांचे. इन्व्हर्नेसच्या उत्तरेला, समुद्रापलीकडे, जेथे वारा इतका की झाडे जवळजवळ नाहीत आणि पीटमध्ये हेदरसारख्या झुडपांचा अंश मोठा, तेथून ते इंधन जहाजाने येत होते. पिंपे अमेरिकेच्या पांढऱ्या ओकची, पण आधी त्यांत शेरी किंवा तत्सम वाइन राहून गेलेली. हे लाकूड अटलांटिक ओलांडून स्पेनला जाई, त्याच्या पिंपांतून शेरी ब्रिटनच्या बंदरांत येई, शेरी विकली गेली की रिकामी पिंपे स्कॉटलंडच्या भट्ट्या घेत. त्या काळी शेरी पिंपांतूनच येत असल्यामुळे रिकामी पिंपे मुबलक. अमेरिकेचे झाड, स्पेनची द्राक्षे, ऑर्कनेचा धूर, इन्व्हर्नेसचे पाणी, आणि शेवटी अंटार्क्टिकाचे फ्रीजर. एकोणिसाव्या शतकातील सागरी व्यापारावर जाडजूड ग्रंथ आहेत. त्यांतील एक प्रकरण या पेल्यात उतरले होते.

खरे आश्चर्य मात्र पुढेच होते. त्या काळचे माल्ट जड, खरखरीत आणि धुराने भरलेले असायचे, सौम्य आणि डौलदार चव ही विसाव्या शतकाची करामत, असे सर्वसाधारण मानले जाई. या समजुतीला आधारही होता : भट्टीखाली थेट आगी, हाताने राखलेले तापमान, कोळशाऐवजी पीट. पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेल्यात जे मिळाले ते वेगळेच होते. सफरचंद, नाशपाती, अननस यांसारखा फळांचा सुवास, संत्र्याच्या मुरंब्याची किंचित कडसर गोडी, दालचिनी, आले, आणि मागे, अगदी मागे, विझत्या शेकोटीसारखा धूर. शोधनिबंधाने तिला अनपेक्षितपणे हलकी म्हटले. आजच्या जाणकाराच्या हातात नाव न सांगता दिली तर त्याला ती आजचीच वाटावी.

येथे उत्साह आवरायला हवा. तीन बाटल्या म्हणजे एक मोहीम, एक कंपनी, बहुधा एकच भट्टी. शॅकलटनसारख्या प्रसिद्ध ग्राहकासाठी कंपनीने आपला सर्वोत्तम माल दिला असणार; गल्लीतील गुत्त्यात त्याच वर्षी काय ओतले जात होते, ते या बाटल्या सांगत नाहीत. राजाच्या मुदपाकखान्याच्या हिशेबावरून रयतेचे जेवण ठरवू नये, हा नियम येथेही लागू आहे. बाटलीत मुरणे थांबते हे खरे, पण शंभर वर्षांत बुचाशी आणि थोड्याशा हवेशी संबंध राहतोच. काही संयुगे मंदपणे बदलू शकतात. बर्फाने ती गती जवळपास थांबवली, आणि मद्यार्क ४७.३ टक्के टिकला हे बाटल्या घट्ट बंद राहिल्याचे चांगले लक्षण आहे. ‘व्हिक्टोरियाच्या काळातील व्हिस्की अशी होती’ हे विधान अजूनही फार मोठे ठरेल. ‘अशीही असू शकत होती’ एवढे मात्र आता कोणी नाकारू शकत नाही, आणि एका प्रत्यक्ष नमुन्याने शंभर तर्कांना विचारलेला हा प्रश्न मोलाचा आहे.

याच्या पुढचा भाग व्यापाराचा. पॅटरसन यांनी हाती असलेल्या अनेक माल्टांचे मिश्रण करून त्या व्हिस्कीची प्रतिकृती बनवली. २०११ मध्ये ५०,००० बाटल्या, प्रत्येकी १०० पौंडांना, आणि प्रत्येक बाटलीमागे पाच पौंड अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टला. लेबल, बाटलीच्या काचेतील बुडबुडे, गवताचे वेष्टन, सारे तसेच. ही विक्रीची क्लृप्ती म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण त्या मिश्रणात एक घटक असा होता ज्यासाठी ते गंभीरपणे घ्यावे : ‘ग्लेन मोर’चे १९८० साली गाळलेले माल्ट. ती भट्टी १९८३ मध्ये बंद पडली आणि १९८६ मध्ये पाडली गेली. आज तेथे दुकाने आहेत. ऐंशीच्या दशकात मागणी घटली तेव्हा स्कॉटलंडमध्ये अशा कित्येक भट्ट्यांना टाळे लागले. त्यांचा माल पिंपांत शिल्लक आहे तोवर ती ठिकाणे चवीच्या रूपाने जिवंत आहेत, आणि प्रत्येक विकलेल्या पेल्यागणिक थोडी थोडी नाहीशी होत आहेत. इमारतीचे अवशेष उकरता येतात. चवीचे अवशेष पिऊन संपतात. जुन्या, बंद पडलेल्या भट्ट्यांच्या बाटल्यांना लिलावात जे अचाट भाव मिळतात त्यामागे श्रीमंतांचा तोरा आहे, यात शंका नाही. पण चाखणाऱ्यांपैकी काहींच्या मनात हे दुसरे भानही असते, असे मानायला जागा आहे. पेला रिकामा करण्याआधी बराच वेळ तो नुसता हातात धरून बसणारे लोक तेच.

प्रतिकृती आणि मूळ यांच्यात फरक किती, हे पारखण्याची संधी फार थोड्यांना मिळाली. चाखून पाहणाऱ्या एका-दोघा समीक्षकांनी साम्याची मोकळेपणाने तारीफ केली. तरीही प्रतिकृती ही प्रतिकृतीच. अनेक भट्ट्यांचे माल जुळवून एका भट्टीच्या मालाचा आभास उभा करणे ही असामान्य कारागिरी आहे, पण ते पुनर्लेखन आहे. मूळ हस्तलिखित नव्हे. इतिहासकाराला दोन्हींचा उपयोग असतो, फक्त कोणते कोणत्या फडताळात ठेवायचे ते ठाऊक हवे.

मूळ बाटल्यांचा प्रवास नियमाप्रमाणे उलट दिशेने झाला. जानेवारी २०१३ मध्ये न्यूझीलंडचे तत्कालीन पंतप्रधान जॉन की यांच्या हस्ते त्या तीन बाटल्या अंटार्क्टिकावरील स्कॉट तळावर ट्रस्टच्या स्वाधीन झाल्या, पुन्हा केप रॉइड्सच्या झोपडीखाली ठेवण्यासाठी. खोक्यावर ‘एन्ड्युरन्स’ हे चुकीचे नाव तसेच आहे. बुचांना सुईचे भोक आहे, आणि आतील पातळी १९०९ मध्ये होती त्याहून किंचित खाली.